जुनी बंदूक हातात आली तर: ओळख, निगा आणि छोटी दुरुस्ती, पायरी पायरीने

जुनी बंदूक हातात आली की बहुतेकांचा हात आधी पॉलिश पेपरकडे जातो. गंज दिसतो, काळपट पडलेलं पितळ दिसतं, दस्त्यावरचे डाग दिसतात आणि वाटतं एकदा घासून लख्ख करूया. तेवढं एक करू नका, बाकी सगळं या लेखात सावकाश बघू. त्या काळपट थराखालीच कारखान्याचे शिक्के असतात, वर्ष असतं, नंबर असतात, आणि एकदा घासून गेलं की ते परत आणता येत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी सुरक्षितता, मग कायदा, मग ओळख, त्यानंतर साफसफाई आणि दुरुस्ती सगळ्यात शेवटी, तीही गरज असेल तरच.

पहिली पायरी: ती भरलेली आहे असंच धरून चाला

शंभर दीडशे वर्षं भिंतीवर लटकलेली बंदूक रिकामीच असणार असं कोणीही कितीही खात्रीने सांगो, ऐकू नका. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीसुद्धा पेट घेते, आणि ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या) बंदुका भरून तशाच ठेवून दिल्याची उदाहरणं संग्राहकांना नेहमी भेटतात. नळीचं तोंड कायम अशा दिशेला ठेवा जिकडे कोणी नाही, बोट चापापासून लांब.

ठासणीच्या बंदुकीची तपासणी सोपी आहे. एक लाकडी काठी घ्या, नळीत सहज जाईल इतकी बारीक, लोखंडी सळई नको. तोंडासमोर चेहरा आणू नका, बाजूला उभं राहून काठी हळूच तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी काठीवर पेन्सिलने खूण करा. मग काठी बाहेर काढून नळीला बाहेरून समांतर धरा, खूण तोंडाशी जुळवा, आणि काठीचं दुसरं टोक कुठे येतंय ते बघा. ते कानापाशी, म्हणजे ज्या भोकातून ठिणगी आत जाते त्या भोकापाशी, किंवा टोपी (ठोका बसला की ठिणगी देणारी तांब्याची छोटी टोपी) बसते त्या निपलच्या रेषेत आलं तर नळी बहुधा रिकामी आहे. टोक इंच दोन इंच अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. कदाचित चिंधी असेल किंवा कुंभारमाशीचं घर असेल, पण गोळी आणि दारूही असू शकते, त्यामुळे तिथेच थांबायचं. ड्रिल मारायचं नाही, तापवायचं नाही, उलटी करून आपटायचं नाही, नळी मागून बंद करणारा ब्रीच प्लग खोलायचा प्रयत्न करायचा नाही. हे काम जाणकार गनस्मिथचं आहे.

काडतुसाच्या बंदुकीत मॅगझिन (काडतुसं भरायचा डबा) आधी काढा, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) नंतर उघडा, उलट क्रमाने केलं तर बोल्ट पुढे जाताना मॅगझिनमधलं काडतूस पुन्हा आत जाऊ शकतं. चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागात, डोळ्याने बघा आणि करंगळी घालूनही बघा, कारण काळवंडलेलं काडतूस अंधारात दिसत नाही. लिव्हर ॲक्शन रायफलमध्ये नळीखाली लांब ट्यूब मॅगझिन असतं, तिथली स्प्रिंग गंजली की काडतूस अडकून बसतं आणि लिव्हर चार वेळा हलवली तरी बाहेर येत नाही. बोल्टच उघडत नसेल तर जोर लावू नका, ती भरलेलीच आहे असं समजून जाणकाराकडे न्या. बंदुकीबरोबर डबीत जुन्या टोप्या सापडल्या तर त्याही हाताळू नका, त्यात फल्मिनेट नावाचं स्फोटक असतं, ते धक्क्याने उडतं.

कायद्याचं थोडक्यात: प्रत्येक देशात ‘अँटिक’ची व्याख्या वेगळी आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार अँटिक धरलं जातं, पण ते वर्ष दुसरीकडे चालत नाही. कुठे वर्ष बघतात, कुठे काडतूस मिळतं की नाही ते बघतात, कुठे सगळ्यालाच लायसन्स लागतं. हत्यार निकामी केलेलं आहे असं विकणारा सांगतो म्हणून कागदाची गरज संपत नाही, आणि काही ठिकाणी दुरुस्तीलाही वेगळी परवानगी लागते. हात लावायच्या आधी आपल्या इथला नियम लेखी बघून घ्या.

दुसरी पायरी: ओळख

सगळ्यात आधी फोटो काढा. दोन्ही बाजू, वरून, खालून, प्रत्येक शिक्का जवळून. उजेड समोरून नको, टॉर्च बाजूने जवळजवळ आडवा धरा, पुसट अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात. शिक्क्यात मळ भरला असेल तर मऊ ब्रश आणि थोडं हलकं तेल, एवढंच. खडू घासायची काही जणांना सवय असते, तो नंतर ओल धरून बसतो, त्यापेक्षा टॉर्च बरा.

मग पेट कसा घेते ते बघा, त्यावरून साधारण काळ लगेच कळतो. घोड्याच्या (चाप ओढल्यावर ठोका देणाऱ्या भागाच्या) जागी वळलेली दोरी धरणारा चिमटा असेल तर ती तोड्याची बंदूक. घोड्याच्या जबड्यात गारगोटी आणि समोर पोलादी पात असेल तर चकमकीची, साधारण सतराव्या शतकापासून १८४० च्या आसपासपर्यंत फौजांमध्ये तीच होती. घोडा हातोडीसारखा आणि खाली निपल असेल तर टोपीची. या पद्धतीचं मूळ म्हणजे स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फॉरसिथ या धर्मगुरूचं १८०७ चं पेटंट, तांब्याची टोपी त्यानंतर काही वर्षांनी आली. काडतुसाच्या बाजूला पिन बाहेर येण्यासाठी नळीच्या मागच्या कडेला खाच दिसली तर ती पिनफायर, लफोशो या फ्रेंच कारागिराची पद्धत, १८३० च्या दशकातली. तिथून पुढे सेंटरफायर, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसणारी.

पण इथे एक गंमत आहे जी मला सगळ्यात जास्त आवडते. टोपी आली तेव्हा फौजांनी हजारो चकमकीच्या बंदुका फेकून न देता बदलून घेतल्या. अशी बंदूक हातात आली तर लॉकच्या (घोडा आणि स्प्रिंगच्या यंत्रणेच्या) पट्टीवर बाजूने टॉर्च मारून बघा, जिथे पूर्वी रंजकाची (पेटवायच्या दारूची) वाटी आणि पातीची स्प्रिंग बसायची तिथे बुजवलेल्या भोकांचे बारीक गोल दिसतात, रंगाने किंचित वेगळे, कधी वाटीच्या जागी बसवलेला लोखंडाचा तुकडाही दिसतो. याला लोक ‘खराब केलेली’ म्हणतात, ते चूक आहे. तो बदल त्याच काळातल्या शस्त्रागाराने केला असेल तर तो त्या बंदुकीचा खरा इतिहास आहे. उलटा प्रकार मात्र सांभाळून: टोपीची बंदूक पुन्हा चकमकीची केलेली असेल, तीही अलीकडे, तर वाटी आणि पात नव्या दिसतात, त्यांच्यावरचा गंज बाकीच्या पट्टीशी जुळत नाही.

आता मापं. नळीची लांबी तोंडापासून ब्रीचपर्यंत, म्हणजे मागच्या टोकापर्यंत, मोजा आणि तोंडाचा आतला व्यास कॅलिपरने घ्या. ब्रिटिश ‘ब्राउन बेस’ मस्केट साधारण ०.७५ इंची, म्हणजे १९ मिलिमीटर, आणि तिच्या नळीच्या लांबीवरून प्रकार ओळखतात: लाँग लँड ४६ इंच, शॉर्ट लँड ४२, इंडिया पॅटर्न ३९. १८५३ पॅटर्नची एनफिल्ड रायफल-मस्केट ०.५७७ इंची, नळी ३९ इंच आणि तीन बँडनी (धातूच्या कड्यांनी) दस्त्याला धरलेली. तिच्याच मागच्या बाजूला बिजागरीसारखं उघडणारं झाकण दिसलं तर ती १८६० च्या दशकातली स्नायडर. १८७१ ची मार्टिनी-हेन्री खालच्या लिव्हरने उघडते आणि बाहेरून घोडा दिसतच नाही. थ्री नॉट थ्री, म्हणजे ०.३०३ इंची ली-एनफिल्ड रायफल, सगळ्यांना माहीत आहेच. शॉटगनवर ‘१२’ लिहिलं असेल तर तो इंच नाही, त्या नळीच्या मापाच्या एका पौंड शिशाच्या बारा गोळ्या होतात असा त्याचा अर्थ, व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर.

शिक्के वाचणं

खरी माहिती इथे आहे, म्हणून इथे घाई करू नका. युरोपात नळी विकण्याआधी जादा दारू भरून तिची चाचणी घेत आणि पास झाली की शिक्का मारत, यालाच प्रूफ मार्क म्हणतात. लंडनच्या गनमेकर्स कंपनीची सनद १६३७ ची, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ च्या कायद्याने झालं. बेल्जियममधल्या लिएजचा शिक्का म्हणजे अंडाकृतीत ई-एल-जी ही तीन अक्षरं, त्यावर मुकुट असेल तर तो १८९३ किंवा त्यानंतरचा. जर्मन नळ्यांवर १८९१ च्या कायद्यानंतर मुकुटाखाली यू, जी, एन अशी अक्षरं येतात. ब्रिटिश शॉटगनवर ‘नॉट फॉर बॉल’ असं लिहिलेलं सापडलं तर ती नळी १८७५ ते १८८७ च्या नियमांत तपासलेली, म्हणजे पुढून चोक केलेली (तोंडाशी किंचित अरुंद), आणि ‘नॉट इंग्लिश मेक’ दिसलं तर बंदूक परदेशी असून १९२५ नंतर ब्रिटनमध्ये तपासली गेली. शॉटगनचे हे शिक्के वरून दिसत नाहीत, नळ्या सोडवून त्यांच्या सपाट खालच्या बाजूला बघावे लागतात.

फौजी बंदुकांवर राजाची अक्षरं असतात. व्ही-आर म्हणजे व्हिक्टोरिया, ई-आर म्हणजे एडवर्ड, जी-आर म्हणजे जॉर्ज. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली, तेव्हा मार्टिनीवर मुकुट, व्ही-आर आणि शेजारी १९०७ असं एकाच हाताने कोरलेलं दिसलं तर ती कारखान्याची नाही. खैबर भागात अशा नकला पुष्कळ बनल्या, आणि कारागिरी चांगली असली तरी अक्षरं त्यांची चुगली करतात: इंग्रजी एन अक्षर उलटं पडलेलं, एनफिल्डचं स्पेलिंग चुकलेलं, मुकुटाचे मणी लहानमोठे. कारखान्यात ठशाने मारलेलं अक्षर एकसारख्या खोलीचं असतं, छिन्नीने कोरलेल्याची कड वेडीवाकडी आणि खोली कमीजास्त असते, भिंगातून बघितलं की फरक लगेच कळतो. ‘टॉवर’ या शिक्क्याबद्दलही गैरसमज आहे, तो दिसला म्हणजे बंदूक टॉवर ऑफ लंडनमध्येच बनली असं नाही, खासगी व्यापारी मालावरही तो शब्द सर्रास आला.

कोल्ट या अमेरिकन कंपनीच्या टोपीच्या रिव्हॉल्व्हर तर विशेष तपासा. १९५० च्या दशकाच्या शेवटापासून इटलीत त्यांच्या प्रतिकृती बनतायत, चांगल्या बनतात, आणि कोणीतरी त्यावरचे इटालियन शिक्के घासून ती जुनी म्हणून विकतो. फ्रेमवर किंवा नळीखाली पी-एन अक्षरं, चांदणीचा शिक्का किंवा छोट्या चौकटीत रोमन आकडा नाहीतर दोन अक्षरं दिसली की समजा हे इटलीतल्या गार्डोने गावाचं काम आहे. आणि नेमक्या त्याच जागी धातू थोडा खोलगट, गुळगुळीत झालेला दिसला तर शिक्का काढलाय हे जवळजवळ नक्की.

नंबर जुळतात का तेही बघा. ली-एनफिल्डमध्ये बोल्टच्या दांड्यामागे, बोल्ट सरकतो त्या रिसीव्हरवर, नळीवर, दस्त्याच्या पुढच्या टोकाच्या नोजकॅपवर आणि नेम धरायच्या मागच्या साइटवर नंबर असतात. सगळे एक आले तर ती बहुधा कारखान्यातून निघाली तशीच आहे, बोल्टचा वेगळा असेल तर ती पुढे कधीतरी जोडलेली आहे. अशा बेजोड बोल्टची रायफल कधीही चालवायची नाही, हेडस्पेस (बोल्ट आणि काडतुसाचं बूड यांच्यातली जागा) बरोबर असेल याची खात्री नसते.

तिसरी पायरी: साफसफाई

नायट्राइलचे हातमोजे घाला, घामातल्या मिठाने दोन दिवसांत बोटांचे ठसे गंजून उठतात. शिवाय जुन्या नळीत शिशाची धूळ असते, काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि हे काम जेवणाच्या टेबलावर करू नका.

गंजाचे दोन प्रकार ओळखायला शिका. लालभडक, बोटाला पावडर लागणारा, तो जिवंत गंज, तो थांबवायलाच हवा. गडद तपकिरी, घट्ट, गुळगुळीत थर आहे तो वयाचा, त्याला पॅटिना म्हणतात, संग्राहक त्याचेच पैसे देतात, त्याला हात लावू नका. लाल गंजासाठी हलकं तेल लावून दिवसभर सोडा, मग ०००० नंबरची स्टील वूल किंवा ब्राँझ वूल तेलात भिजवून अगदी हलक्या हाताने गोल फिरवा, कापडाने पुसा, बघा, परत लावा. पॉलिश पेपर नको, वायर ब्रश नको, बफिंग मशीन तर लांबच ठेवा, ते कडा गोल करतं आणि शिक्के पुसून टाकतं. लिंबू, व्हिनेगर किंवा बाजारातलं गंज काढायचं ॲसिड लावलं की गंजाबरोबर ब्ल्यूइंग आणि ब्राउनिंग, म्हणजे पोलादावर मुद्दाम चढवलेले निळसर आणि तपकिरी थरही, जातात आणि पोलाद राखाडी पडतं.

नळीच्या आतलं वेगळं. काळ्या दारूची राख ओल ओढते आणि धातू खाते, आणि जुन्या फौजी काडतुसांच्या प्रायमरमधून पोटॅशियम क्लोराइड नावाचं मीठ मागे राहतं. हे तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतं, म्हणून नुसतं तेल ओढून वर्षानुवर्षं ठेवलेल्या नळ्या आतून खाल्लेल्या निघतात. नळी दस्त्यापासून सहज वेगळी होत असेल तर गरम पाण्याने धुवा, लगेच पूर्ण कोरडी करा आणि मगच तेल. वेगळी होत नसेल तर पाण्यात ओला केलेला पॅच (कापडाचा तुकडा), मग कोरडे पॅच पांढरे निघेपर्यंत, मग तेल, लाकडाला पाणी लागू द्यायचं नाही.

तेलाबद्दल: खायचं तेल कधीच नाही, ते सुकून चिकट वार्निश होतं आणि लॉक जाम होतं. डब्ल्यूडी-४० ओल काढायला ठीक, वर्षभर संरक्षण म्हणून नाही. शोभेला ठेवायच्या बंदुकीला मी तेलापेक्षा मायक्रोक्रिस्टलाइन मेणच सांगेन, म्युझियममध्ये तेच वापरतात, पातळ थर, दहा मिनिटांनी मऊ कापडाने पुसायचा. पितळेला अमोनिया असलेलं पॉलिश नको, अमोनिया ताण असलेल्या पितळेला तडे पाडतो आणि लाकडाच्या कडेला पांढरी भुकटी अडकून राहते.

लाकडाला सँडिंग नाही म्हणजे नाही. दस्त्यावर फौजेचे, तपासनिसाचे शिक्के असतात, आणि लाकूड घासलं की ते पितळेच्या पातळीखाली जातं, जाणकाराला लांबूनच कळतं. जरासं ओलसर कापड, मग कोरडं, मग मेण. जिथे मुळात जवसाच्या तेलाचं फिनिश आहे तिथे फारच कोरडं वाटलं तर थेंबभर जवस तेल बोटाने चोळा, तासाभराने सगळं पुसून टाका. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून टाकू नका, जवसाच्या तेलाची चिंधी आपोआप पेटते, पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

चौथी पायरी: खोलणं आणि दुरुस्ती

लॉक काढायचं असेल तर घोडा अर्ध्या खाचेवर (अर्धवट ओढून अडकवलेला) ठेवा. बाजूचे स्क्रू पूर्ण काढू नका, काही आटे ढिले करा आणि त्यांच्या डोक्यावर प्लास्टिकच्या हातोडीने अलगद टिचकी द्या, लॉक लाकडातून सरळ बाहेर ढकललं जातं, मग स्क्रू काढा. पेचकसाने लॉकच्या कडेला टेकू देऊन उचकटायला गेलात तर लाकडाची कपची हमखास उडते. पेचकसही साधा चालत नाही, साध्याचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं, ते खाचेतून वर सरकतं आणि स्क्रूचं डोकं फाडतं. गनस्मिथचा, समांतर टोकाचा पेचकस घ्या, खाचेच्या पूर्ण रुंदीला भरेल असा. आधी खाचेतला मळ लाकडी काडीने काढा, मुरणारं तेल सोडा आणि थांबा. एक दिवस, चार दिवस, आठवडा, जितका लागेल तितका. प्रत्येक स्क्रू कुठला ते पुठ्ठ्यावर बंदुकीचं चित्र काढून त्या त्या जागी टोचून ठेवा, जुने स्क्रू हाताने बसवलेले असतात, एकाच्या जागी दुसरा नीट बसत नाही.

व्ही आकाराची मेनस्प्रिंग पकडीने दाबू नका, त्यासाठी स्प्रिंग व्हाइस मिळतो, तो नसेल तर स्प्रिंग आहे तिथेच राहू द्या. जुनी स्प्रिंग मोडली तर तशीच दुसरी मिळत नाही. ब्राउन बेससारख्या पिनांनी धरलेल्या नळ्याही घरी काढू नयेत, पिना ठोकताना लाकूड चिरतं, एनफिल्डसारखी बँडची नळी त्यामानाने सोपी.

दस्त्याला मनगटापाशी, म्हणजे चापामागच्या बारीक भागापाशी, चीर असेल तर घरी करता येण्यासारखं काम आहे, पण एपॉक्सी नको. हाइड ग्लू, म्हणजे चामड्यापासून बनवलेला सरस, वापरा. तो उद्या गरम पाण्याने सोडवता येतो, आणि जी दुरुस्ती परत काढता येते तीच जुन्या वस्तूवर करावी असं मी ठाम मानतो. मात्र चिरेत जुनं तेल मुरलेलं असेल तर सरस धरत नाही, आधी ते शोषून घ्यावं लागतं. तुटून पडलेला तुकडा सापडला तर पिशवीत घालून जपा, नवीन लाकडापेक्षा तोच परत बसवणं कितीतरी चांगलं. नवीन ब्ल्यूइंग करून देतो असं कोणी म्हणाला तर हात जोडून नाही म्हणा.

चालवायचं काय? माझं मत, शोभेच्या आणि संग्रहाच्या बंदुकीला चालवू नये. नळीवर नागमोडी नक्षी असलेल्या डमास्कस नळ्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, वेल्ड करून बनवलेल्या असतात, सांध्यांच्या आत गंज असला तरी बाहेरून काही दिसत नाही, आणि आजच्या नायट्रो (धूररहित दारूच्या) काडतुसांचा दाब त्या नळ्यांसाठी नव्हताच. मोडलेली सिअर (घोडा अडकवून धरणारा खटका), झिजलेली अर्धी खाच, ढिला ब्रीच, नळीतली चीर, हे सगळं परवानाधारक गनस्मिथकडे, आणि त्यालाही आधी सांगा की शिक्के आणि पृष्ठभाग तसाच हवा.

ठेवणं

चामड्याच्या होल्स्टरमध्ये कायमची ठेवू नका, चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार धातू खातात. फोमच्या केसमध्येही नाही, फोम ओल धरून ठेवतो. ओकच्या बंद कपाटातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशाच्या गोळ्या पांढऱ्या पडतात. खोलीतली आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती एकदम वरखाली होऊ नये, लाकूड त्यानेच फाटतं. कपाटात छोटा हायग्रोमीटर आणि सिलिका जेल ठेवा, जेलचा रंग बदलला की वाळवून घ्या. उभी ठेवायची तर तोंड खाली करून ठेवा, नाहीतर नळीतलं तेल वर्षानुवर्षं मागे उतरत राहतं आणि दस्त्याचं लाकूड काळं, पोचट करतं. घोडा खाली, स्प्रिंगवर ताण नाही. पावसाळी हवेत महिन्यातून एकदा, एरवी तीन महिन्यांतून एकदा बाहेर काढून बघा.

आणि एक वही करा. सुरुवातीचे फोटो, मापं, सगळे शिक्के, कोणाकडून आली, कुठला कागद सोबत आहे, कधी काय लावलं, कुठली चीर कशाने जोडली. पहिल्या पानावर नळी रिकामी आहे हे कोणी, कोणत्या तारखेला तपासलं ते लिहा आणि लायसन्सची झेरॉक्स तिथेच चिकटवा, म्हणजे तुमच्यानंतर ती ज्याच्या हातात जाईल त्याला कुठून सुरुवात करायची ते कळेल. तपासणी मात्र त्यानेही काठी घालून स्वतः पुन्हा करायची.